मोजून ठेवलेली जाळी

मोठ्या डॉक्टरांचा उजवा हात बोलायचा. तोंड बंद, डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले, आणि हात नुसता बाजूला पसरलेला, तळवा वर. त्या तळव्यात काय पडायला हवं, हे त्यांच्या मनात येतं न येतं तोच सिस्टरांना कळलेलं असायचं. कधी चिमटा, कधी कात्री, कधी ती इवलीशी क्लिप. मेंदूतल्या फुगलेल्या धमनीच्या मानेवर ती क्लिप बसली की एखाद्या अनोळखी माणसाचं उरलेलं आयुष्य त्याच्या पदरात परत पडायचं. वर्षानुवर्षं हात पसरत होता, वर्षानुवर्षं हात भरत होता. नवे डॉक्टर म्हणायचे, सरांना तिसरा हात आहे, फक्त तो सिस्टरांच्या खांद्याला लावलाय.

आणि सिस्टरांचे डोळे! केसाहून बारीक सुई हिरव्या कापडावर हरवली की सगळी खोली जागच्या जागी थिजायची, पाय उचलायची कुणाची छाती नसायची. सिस्टर मात्र जाता जाता वाकायच्या आणि ती सुई अशी उचलायच्या, जणू तिनेच त्यांना हाक मारली होती. ऑपरेशन संपताना प्रत्येक सुई, कापसाचा प्रत्येक बोळा त्या मोजून घ्यायच्या आणि मोजताना मास्कच्या आत गुणगुणायच्या. गाणं कुणी शिकवलेलं नव्हे, त्यांच्याच ओठांवर आपसूक जुळलेलं:

एक सुई, एक बोळा, माझ्या नजरेत गोळा,
मोजल्यावाचून बाई, नाही मिटायचा डोळा.

मग डॉक्टर नातेवाइकांशी बोलायला बाहेर निघाले, की त्या दारात आडव्या यायच्या. "सर, बटण." कवटीच्या आत केसभर न चुकणारा हा माणूस शर्टाच्या बटणात हमखास एक घर चुकायचा. डॉक्टर मान खाली घालून बटण नीट लावायचे आणि मगच बाहेर जाऊन 'ऑपरेशन उत्तम झालं' असं छाती पुढे काढून सांगायचे.

अशा त्या तळव्यात एका सकाळी क्लिप पडलीच नाही. ती तळव्याच्या कडेवरून घसरून फरशीवर पडली. टण् असा एवढासा आवाज झाला, पण डॉक्टरांच्या काळजात मोठी थाळी पडल्यासारखा झाला. दुसरी क्लिप आली, काम पार पडलं. हात धुताना ते म्हणाले, "काय झालं सिस्टर?"

"काही नाही सर. हात घसरला."

"तुमचा हात घसरत नाही."

सिस्टरांनी नळ बंद केला. मग हळूच म्हणाल्या, "डाव्या डोळ्याने सगळं धुरकट दिसतंय. उजव्याने तर लहानपणापासूनच बेताचं. भिस्त सगळी डाव्यावरच. पुसून पाहिला, धुऊन पाहिला. चष्मा असता तर उजळला असता हो. डोळा आहे, तो काही पुसला जात नाही."

दुपारी तपासणी झाली आणि चित्र पडद्यावर आलं. मानेतून वर चढणारी धमनी डोळ्यामागे वळण घेते, त्या वळणावरच तिच्या कुशीतून छोट्या लिंबाएवढा फुगा बाहेर आला होता आणि डोळ्याच्या नसेवर मांडी ठोकून बसला होता. एरवी असं चित्र पाहिलं की मोठे डॉक्टर खुर्ची पुढे ओढत, "वा, काय ऐटीत बसलाय बघा," म्हणत. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली नाही. ते उभेच राहिले.

फुगा फुटला तर जीव जाणार. नाही फुटला तरी नस दाबून दाबून डोळा जाणार. या दोन टोकांच्या मधे सिस्टर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट ऐकत असल्यासारख्या.

खोलीत तिसरी होती ती डॉक्टरांची लेक. ही लेक याच इस्पितळाच्या नर्सेसच्या खोलीत अभ्यास करत, सिस्टरांच्या डब्यातलं खात वाढलेली. सिस्टर तिला छोटी म्हणायच्या, ती त्यांना मावशी. मोठी होऊन तीही बाप ज्या रोगाशी झुंजायचा त्याच रोगामागे लागली, पण बापाच्या वाटेने गेली नाही. कवटीला हातही न लावता मांडीच्या धमनीतून कॅथेटर नावाची बारीक नळी आत घालायची आणि आतल्या आत मेंदूपर्यंत पोचायचं, ही तिची विद्या. बापाने तिचं नाव ठेवलं होतं नळीवाली. "आमची नळीवाली आज काय तुंबलेलं साफ करून आली?" असं जेवताना विचारायचं आणि स्वतःच हसायचं. लेकही काही कमी नव्हती. म्हणायची, "बाबा, तुम्ही छप्पर काढून घरात शिरता. मी आपली दारातून जाते."

आज दोघांनाही विनोद सुचत नव्हता.

"मी करतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "डोळ्यामागचं थोडं हाड घासावं लागेल, मानेतलं रक्त थोडा वेळ थांबवावं लागेल. पण क्लिप बसेल."

"बसेल," लेक म्हणाली. "तुमचीच बसेल, दुसऱ्याची नाही बसायची. पण बाबा, ती नस आधीच मरगळलीय. फुगा सोडवताना तिला नुसता धक्का लागला तरी उरलेली नजर जाईल. मी आतून जाळी घालते. धमनीच्या आत, फुग्याच्या तोंडावरून. नसेला कुणी बोटही लावणार नाही."

"आणि फुगा?"

"फुग्याला आपण हात लावायचाच नाही. रक्ताला सरळ वाट मिळाली की ते फुग्यात वळायचं थांबतं. आत राहिलेलं रक्त थिजतं, फुगा हळूहळू आक्रसत जातो. महिने लागतात, पण जातो."

"महिने!" डॉक्टरांनी हात झटकला. "मी तासाभरात बंद करतो."

सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खाकरून म्हणाल्या, "सर, एक विचारू? तुम्ही ऑपरेशन कराल तेव्हा तुमच्या हातात क्लिप कोण देणार?"

डॉक्टर पडद्याकडे वळले.

"मी तर टेबलावर असणार," सिस्टर म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणी दिलेली तुम्हाला चालत नाही. मागे मी रजेवर होते तेव्हा त्या बिचाऱ्या पोरीला तुम्ही रडवलं होतं. नाही सर, छोटीलाच करू दे. तिला काय लागतं ते तीच घेते."

एका सहकाऱ्याने लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "घरच्यासारखं माणूस आहे, हाताला जड नाही का जाणार?"

"दुसऱ्याच्या हाती सोपवून बाहेर बसणं जास्त जड जाईल," ती म्हणाली. त्यावर वाद नव्हता.

तारीख ठरली. लेकीने मावशीला गोळ्या दिल्या, रोज घ्यायला सांगितल्या, आणि परगावच्या एका पेशंटसाठी धावली.

आता पुढे जे झालं ते फक्त सिस्टर आणि मोठे डॉक्टर या दोघांच्याच हातून होऊ शकलं असतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या कुणाला एवढं कळतच नव्हतं.

सिस्टरांनी गोळ्यांची पाकिटं उजेडात धरून वाचली. रक्त पातळ करायच्या गोळ्या! जन्मभर त्यांनी पेशंटला एकच पढवलं होतं: ऑपरेशन जवळ आलं की या गोळ्या बंद. चुकून कुणी घेऊन आला तर त्याला परत घरी धाडलं होतं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, एक सांगू का? छोटीला बोलू नका हं. तिने मला रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्यात. आता, ऑपरेशनच्या तोंडावर!"

डॉक्टर शर्टाची बटणं लावत होते. फोन खांद्यावर होता. "अरेच्चा. गडबडीत चुकली असेल."

"तेच म्हटलं मी. बंद करू ना?"

"बंद करा की. त्यात विचारायचं काय?"

"आणि तिला?"

"तिला कशाला सांगायचं? उगाच ओशाळी होईल पोर. एवढ्या मोठ्या कामाच्या तोंडावर तिचा हुरूप कशाला घालवायचा."

"मलाही तेच वाटलं," सिस्टर म्हणाल्या, आणि गोळ्या कपाटात गेल्या. दोघांनाही हलकं वाटलं. पोरीची चूक पोरीच्या नकळत झाकली, असं समाधान दोघांनी आपापल्या घरी उराशी धरलं. डॉक्टरांच्या बायकोने विचारलंसुद्धा, "कशाला हसताय गालातल्या गालात?" तर म्हणाले, "काही नाही. अनुभव म्हणून काही असतो."

ठरल्या सकाळी सिस्टर हिरवा गाऊन घालून खाटेवर बसल्या होत्या. लेक आत आली ती हातात रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन. गोळ्यांचा रक्तावर किती परिणाम झालाय, ते बघायची ही तपासणी. परिणाम शून्य.

"मावशी, गोळ्या रोज घेतल्यास?"

खोटं बोलायची मावशीच्या जिभेला सवय नव्हती, आणि खरं सांगितलं तर पोर ओशाळणार. म्हणून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघू लागले.

लेकीची नजर एकाकडून दुसऱ्याकडे फिरली. "बाबा?"

"मीच सांगितलं बंद करायला," डॉक्टर म्हणाले. "आता जाऊ दे. तुझ्याकडून चुकून लिहिल्या गेल्या. होतं असं कामाच्या रगाड्यात."

"चुकून?"

तो एकच शब्द, पण खाटेचा लोखंडी दांडासुद्धा गार पडावा असा. ती बापाला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. दार उघडंच राहिलं.

"बाबा, जाळी धातूची असते. रक्ताला ती परकी. गोळ्यांशिवाय ती आत गेली तर रक्त तिच्यावर गुठळी धरतं, आणि ती गुठळी सरळ मेंदूत जाते. मावशीचा अर्धा देह लुळा पडला असता. वाचा गेली असती. तुमच्या टेबलावर रक्त घट्ट लागतं, माझ्या टेबलावर पातळ लागतं. तुमचा नियम तुमच्या ऑपरेशनचा आहे, माझ्या नाही. इतकी वर्षं जेवताना मी सांगत्येय आणि तुम्ही नळीवाली म्हणून हसताय. एकदा तरी ऐकायचं होतं! आणि शंका आली होती तर मला विचारायचं. मला!"

वॉर्डबॉय थबकले. दोन नर्सेस औषधांच्या कपाटात तोंड घालून उभ्या राहिल्या. या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांना असं कुणी, कधी, बोललं नव्हतं.

"आजचं रद्द," लेक म्हणाली. "मावशी इथेच राहील, गोळ्या माझ्यासमोर घेईल. रक्त तयार झालं की मग." आणि ती तरातरा निघून गेली.

डॉक्टरांच्या कानशिलांतून आधी वाफ निघाली. मग वाफ विरली आणि खाली भीती सापडली, थंडगार: आपण सिस्टरांना कुठे नेऊन ठेवत होतो! ते भिंतीला टेकले. आणि भीतीच्याही तळाशी आणखी काहीतरी होतं, आधी ओळखूच येईना. पाहुणं दारात यावं आणि चेहरा आठवू नये तसं. मग ओळख पटली. अभिमान होता तो. भर कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांदेखत, बापाचा मुलाहिजा न ठेवता जी पेशंटच्या बाजूने उभी राहिली, ती आपली लेक. असं बोलायला आपण तिला कधी शिकवलं होतं? शिकवलं नव्हतं. तिने बघून उचललं होतं, आपण इतरांना बोलताना.

ते आत आले. सिस्टर खाटेच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसल्या होत्या, वर्गाबाहेर काढल्यासारख्या.

"फार रागावली का हो?"

"फार."

"तुमच्यावर की माझ्यावर?"

"दोघांवर. पण मला जास्त पडलं."

सिस्टरांच्या ओठाला मुरड पडली. "तुमच्यासारखंच रागावते. शेवटचा शब्द दोनदा म्हणते. 'मला विचारायचं. मला!'"

आणि दोघंही, जीव टांगणीला लागलेला असताना, चोरून हसले.

वाट बघण्याचे दिवस मात्र हसण्याचे नव्हते. सिस्टरांच्या डोळ्यामागे कळ उठायची. सकाळी उठल्या की आधी उजवा डोळा हाताने झाकून खिडकीकडे बघायच्या. काल खिडकीचे गज दिसत होते, आज नुसता उजेड. त्या कुणाला सांगत नव्हत्या, पण चहाचा कप ठेवताना टेबलाची कड हाताने चाचपायच्या, आणि ते चाचपणं मोठ्या डॉक्टरांना दिसायचं.

एका दुपारी ते लेकीच्या विभागात गेले, पहिल्यांदाच. सराव करायच्या टेबलावर काचेसारख्या पारदर्शक रबराची धमनी मांडली होती, वळणावळणाची, आत लाल पाणी खेळत होतं. वळणावर एक फुगा.

"दाखव," ते म्हणाले.

लेकीने वर पाहिलं. "नक्की? नळीवाल्यांचं काम आहे."

"दाखव म्हटलं ना."

तिने दाखवलं. नळीच्या आत नळी, तिच्या आत आणखी बारीक नळी, आणि सगळ्यात आत जाळी, केसासारख्या तारांची विणलेली, मिटून बसलेली. बारीक नळी मागे घेत गेलं की जाळी पुढे उमलत जाते. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. क्लिप लावताना बोटं जे हुकूम करायची तेच केलं, ढकललं. जाळी वळणावर पिळवटली, ओला टॉवेल पिळावा तशी.

"घट्ट धरलंत," लेक म्हणाली. "ढकलायचं थोडं, सोडायचं थोडं, दोन्ही एकदम. बोटांना विचारत बसायचं. आठवतं, मला सायकल शिकवताना काय ओरडायचात?"

"हँडल आवळू नको."

"तेच."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा पिळवटली. संध्याकाळपर्यंत लाल पाण्यात जाळ्या पिळवटत राहिल्या आणि मोठे डॉक्टर चिडले नाहीत. त्यांच्या लक्षात येत होतं की हे काम सोपं नाही, आपल्याला फक्त ते दिसत नव्हतं. शेवटी एकदा जाळी उघडली, वाकडीतिकडी. लेकीने टाळी वाजवली. एवढ्या मोठ्या माणसाला लाजायला झालं.

आणि मग ती सकाळ आली. रक्ताची तपासणी मनासारखी आली होती. टेबलावर सिस्टर निजल्या, भूल चढायच्या आधी म्हणाल्या, "छोटे, मोजून ठेव गं सगळं." आणि डोळे मिटले.

मोठे डॉक्टर काचेच्या पलीकडच्या खोलीत बसले. आत लेक, अंगावर शिशाचा जड एप्रन, समोर पडदा. इथे त्यांना काही काम नव्हतं. जन्मात पहिल्यांदा एका फुगलेल्या धमनीसमोर त्यांना काही काम नव्हतं.

मांडीच्या धमनीतून नळी शिरली. पोटातून, छातीतून, मानेतून, काळ्या रेघेसारखी वर सरकत राहिली. डोळ्यामागच्या वळणाशी पोचली आणि अडली. फुगा इतका मोठा होता की पलीकडे जायची वाटच सापडेना. नळीतून वाट काढायला घातलेली तार पुढे सारली की ती फुग्यातच पडायची, रित्या घरात शिरून हाका माराव्या तशी. लेक थांबली. मग तिने तारेला फुग्याच्या भिंतीभिंतीने हळूच फिरवलं, आतून पूर्ण वळसा घातला, आणि तार पलीकडच्या तोंडातून बाहेर पडून मेंदूकडच्या धमनीत निघाली. तिच्यावरून बारीक नळी गेली. आता तो वळसा सरळ करायचा. ओढलं जास्त तर सगळं निसटून परत पहिल्यापासून, आणि फुग्याची भिंत तर ओल्या कागदासारखी.

"सर, श्वास घ्या," शेजारी यंत्रांवर नजर ठेवून बसलेले भूलतज्ज्ञ म्हणाले. "पेशंटचा मी बघतोय. तुमचाही बघायला लावू नका."

वळसा सरळ झाला. जाळी निघाली. पलीकडे टोक उघडलं, भिंतीला छान टेकलं. मधला भाग उघडायला लागला आणि वळणावर आला, आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले, कारण पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी स्वतःच्या हातांनी कितीदा करून पाहिलं होतं. जाळी पिळवटली होती. ओल्या टॉवेलासारखी.

आणि त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला पसरला. तळवा वर.

हात तसाच राहिला. त्यात काही पडलं नाही. पडणार कसं? भरणारी तर काचेच्या पलीकडे, टेबलावर, गाढ निजलेली. डॉक्टरांनी आपल्या रित्या तळव्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. भूलतज्ज्ञांनी तो पाहिला आणि शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं.

आत लेक स्तब्ध उभी होती. अर्धी जाळी बाहेर, अर्धी आत. थोडं रेटलं असतं तर कदाचित उघडली असती. कदाचित. तिच्या जागी तिच्या वयाचे आपण असतो तर? डॉक्टरांनी स्वतःशी खरं उत्तर दिलं: आपण रेटलं असतं.

ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज आला, संथ, "परत आत घेते."

केलेलं सगळं तिने उलट पावली घेतलं. जाळी पुन्हा मिटली, पुन्हा नळीत गेली. नळी तिने केसभर हलवली, वळणाशी तिचं बसणं बदललं आणि पुन्हा सुरुवात केली. ढकलायचं थोडं, सोडायचं थोडं. बोटांना विचारत. पलीकडचं टोक टेकलं, वळण आलं, आणि वळणावर जाळी अशी उघडली की जणू ती धमनी तिच्याच मापाने बेतली होती.

पडद्यावर काळं दिसणारं रंगाचं औषध सोडलं. धमनीतून ते सरळ सळसळत मेंदूत गेलं. थोडंसं फुग्यात वळलं आणि तिथेच राहिलं. धमनी केव्हाच स्वच्छ झाली, तरी फुग्याच्या तळाशी ते काळं रेंगाळत होतं, बाजार उठल्यावर वाट चुकलेल्या माणसासारखं. म्हणजे आत प्रवाह उरला नव्हता. फुग्याचं येणंजाणं तुटलं होतं.

लेक बाहेर आली. एप्रन काढला तर पाठ घामाने चिंब. "बाबा, कसं वाटलं?"

डॉक्टरांना बरंच काही सांगायचं होतं. परत आत घेतलीस ना, तिथे मी हरलो आणि जिंकलो, असं काहीतरी. ते म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही."

"जेव आधी."

तिला कळलं. तिने मान डोलावली आणि गेली. मग मोठे डॉक्टर कॉरिडॉरमध्ये निघाले, आणि ज्या कॉरिडॉरमध्ये त्यांना बोलणी बसली होती तिथे भेटेल त्याला थांबवून सांगू लागले. वॉर्डबॉयला, लिफ्टवाल्याला, डोळे तपासायला आलेल्या एका परक्या म्हातारबुवांनासुद्धा. "परत आत घेतली! उघडलेली जाळी! कळतंय का तुम्हाला?" म्हातारबुवांना काही कळलं नाही, पण माणूस फार आनंदात आहे एवढं कळलं, म्हणून तेही "वा वा" म्हणाले.

संध्याकाळी सिस्टर शुद्धीवर आल्या. हात हलले, पाय हलले, वाचा शाबूत होती, कारण पहिलाच प्रश्न आला, "मोजलंस?"

"मोजलं मावशी."

"आत काय राहिलं?"

"एक जाळी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मग हरकत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि परत झोपल्या.

डोळा मात्र लगेच निवळला नाही. लेकीने बजावलं होतं, धीर धरा. सिस्टर गोळ्या न चुकता घेत होत्या. मोठे डॉक्टर रोज सकाळी फोन करून विचारायचे, "घेतली?" आणि वर म्हणायचे, "बंद करू का, असं विचारू नका हं, माझी बदनामी पुरे झाली." आधी धुकं पांढरं झालं. मग त्यात सावल्या हलायला लागल्या. एक दिवस खिडकीचे गज परत आले. त्यापुढे काय येतंय, काय नाही, ते सिस्टर सांगेनात. विचारलं की म्हणायच्या, "बघू."

सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढायचं ठरलं. त्या सकाळी मोठ्या डॉक्टरांची अशी धांदल उडाली की बायकोने हाताला धरून त्यांच्या पायात बूट घातले. लेकीच्या खोलीत तिघं जमले, पूर्वीसारखे. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी. डावीकडच्यात लिंबाएवढा फुगा. उजवीकडच्यात नुसती धमनी, वळणदार, गुळगुळीत, कुशीत काही नाही. कधी काही होतं याची खूणही नाही. नीट बघितलं तर वळणावर जाळीची पुसट सावली, एवढंच.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. बघत राहिले. हाड न घासता, नसेला बोट न लावता.

"चित्र झालं," लेक म्हणाली. "आता डोळा. मावशी, उजवा झाक."

सिस्टरांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा उघडा. खोलीत कुणी हललं नाही. हिरव्या कापडावर सुई हरवल्यावर थिजायची, तशी खोली थिजली. सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग मान वळवून मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांचं डोकं, चेहरा, गळा. त्यांची नजर खाली उतरत गेली आणि एका जागी थांबली.

"सर," त्या म्हणाल्या. "बटण."

डॉक्टरांनी मान खाली घातली. एक घर चुकलं होतं. वरपासून खालपर्यंत सगळा शर्ट एका अंगाला चढलेला.

"मला आल्या आल्या दिसलं होतं, बाबा," लेक म्हणाली. ती हसत होती आणि बाहीने डोळे पुसत होती. "मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, मावशीला दिसतंय का बघू."

डॉक्टर बटण सोडायला लागले, पण बोटांना ते घर सापडेना, कारण आता त्यांच्याच डोळ्यांपुढे सगळं धुरकट झालं होतं. सिस्टरांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला, पुढे झाल्या आणि बटण नीट लावून दिलं.

"जा आता बाहेर," त्या म्हणाल्या. "कॉरिडॉरमध्ये सगळे थांबलेत. सांगा त्यांना."

"मी नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी दार उघडून धरलं आणि लेकीकडे बघून उजवा हात पसरला, तळवा वर, वाट दाखवायला. "जिने केलंय ती सांगेल. मी मागे उभा राहतो."

आणि ते मागे उभे राहिले, छाती पुढे काढून.